चांगलं असण्याची अट

‘स्ट्रेंजर बाय द लेक’ हा सिनेमा आपल्या गटात दाखवू नका, असं आमच्या एका तरुण कार्यकर्त्यानं मला निक्षून सांगितलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. समलिंगी पुरुषांबद्दल लोकांच्या मनात आधीच नाही नाही ते भरलेलं आहे, त्यात हे कशाला? तळ्याकाठी अनोळखी पुरुषांना भेटायला येणारे पुरुष, झाडीतले संग, एक खून, आणि तो खून डोळ्यांनी बघूनही खुन्याच्याच मिठीत जाणारा नायक. ‘काका, उद्या कुणाच्या आईवडिलांनी हे बघितलं तर आपण त्यांना काय तोंड दाखवणार?’ असं तो म्हणाला. त्याची तळमळ खरी आहे, म्हणूनच तिला नीट उत्तर द्यायला हवं. मी साठी ओलांडलेला समलिंगी पुरुष आहे. बँकेतल्या नोकरीतून निवृत्त झालो आणि आता आठवड्यातल्या काही संध्याकाळी एका हेल्पलाइनवर फोन घ्यायला बसतो. माझं मत असं, की हा सिनेमा आपण दाखवलाच पाहिजे, तोही मुलांच्या आईवडिलांना बोलावून.

आधी सिनेमाबद्दल. दिग्दर्शक आलाँ गिरोदी, दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों भागात १९६४ साली शेतकरी घरात जन्मलेला. त्याच्या सिनेमातले समलिंगी पुरुष पॅरिसमधले, नाटकं आणि चित्रप्रदर्शनं बघत हिंडणारे नसतात. ते छोट्या गावातले, पोट सुटलेले, कामधंद्याच्या विवंचनेतले असतात. ‘स्ट्रेंजर बाय द लेक’ २०१३च्या मे महिन्यात कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथल्या ‘अं सर्तँ रगार’ विभागात गिरोदीला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. वर्ष संपताना ‘काये द्यु सिनेमा’ या फ्रेंच मासिकानं त्या वर्षीच्या सिनेमांत त्याला पहिला क्रमांक दिला.

सगळा सिनेमा एकाच जागी घडतो. झाडाखालचं गाड्या लावायचं मोकळं मैदान, तिथून खाली उतरणारी पायवाट, गोट्यांचा किनारा, मागे झाडी आणि समोर निळंशार पाणी. चित्रीकरण झालं प्रोव्हान्समधल्या सेंत-क्रोआ तलावावर. वेर्दों नदीवर १९७०च्या दशकात धरण बांधलं, तेव्हा हा जलाशय तयार झाला आणि एक जुनं गाव त्याच्या पोटात गेलं. सिनेमात त्या गावाचा उल्लेख नाही, पण ते पाणी बघताना मला ते गाव आठवत राहतं. दिवस उजाडतो, फ्रांकची गाडी मैदानात येऊन थांबते, तो खाली उतरतो, ओळखीच्यांना हात करतो, कपडे काढून पोहतो, मग झाडीत जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मैदान, तीच गाडी. पार्श्वसंगीत अजिबात नाही. पानांतला वारा, काठावर आपटणारं पाणी, गोट्यांवरची पावलं, एवढेच आवाज. छायाचित्रण क्लेअर मातों यांचं, आणि प्रकाश बहुतेक उन्हाचाच. घर, बाजार, रस्ता, ऑफिस यातलं काहीही आपल्याला एकदाही दिसत नाही.

फ्रांक तरुण आहे, पूर्वी बाजारात भाजी विकायचा, सध्या बेकार. किनाऱ्यावर सगळ्यांपासून दूर आन्री नावाचा एक जाडजूड मध्यमवयीन माणूस हाताची घडी घालून बसलेला असतो. तो पुरुषांच्या शोधात आलेला नाही. त्याची मैत्रीण त्याला सोडून गेली आहे आणि त्याला नुसतं कुणाच्या तरी आसपास बसायचं आहे. फ्रांक रोज त्याच्याशेजारी जाऊन बसतो. दोघं हवेबद्दल, पाण्याबद्दल, तळ्यात असलेल्या म्हणे चार-पाच मीटर लांबीच्या एका माशाबद्दल बोलतात. या गप्पा मला सिनेमातल्या कुठल्याही देहभेटीपेक्षा जास्त जवळच्या वाटल्या. आणि मग मिशीवाला, पीळदार, सफाईनं पोहणारा मिशेल दिसतो. फ्रांक त्याच्याकडे बघत राहतो. मिशेलबरोबर दुसरा एक तरुण आहे, त्यामुळे फ्रांकला वाट बघावी लागते.

खुनाचं दृश्य मी अनेकदा पाहिलं आहे. संध्याकाळ झालेली, बाकी सगळे निघून गेलेले. फ्रांक वरच्या झाडीत उभा राहून खाली बघतोय आणि आपण त्याच्या जागेवरून. लांबवर पाण्यात दोन डोकी. दोघांची मस्ती चाललेली दिसते. एकानं दुसऱ्याला पाण्यात दाबलं, तो वर आला, पुन्हा दाबलं. आवाज जेमतेम पोहोचतो. मग एकच डोकं उरतं. मध्ये कट नाही, कॅमेरा जवळ जात नाही, बघा बघा म्हणून काही दाखवत नाही. मिशेल शांतपणे पोहत काठाला येतो, अंग पुसतो, कपडे घालतो, पायवाटेनं वर जातो. अंधार पडत चाललेला. फ्रांक हललेला नसतो.

दुसऱ्या दिवशी फ्रांक पुन्हा तळ्यावर येतो. मिशेल जवळ येऊन बसतो तेव्हा त्याला हवा तो माणूस मिळालेला असतो, आणि तो काय आहे हेही त्याला पक्कं माहीत असतं. पुढे पोलीस इन्स्पेक्टर येऊन चौकशी करू लागतो तेव्हा फ्रांक खोटं बोलतो. तो फसलेला नाही. कुणी त्याच्यावर जबरदस्ती केलेली नाही. भीती वाटते आणि तरीही जावंसं वाटतं. खरं तर त्या भीतीनंच ओढ वाढलेली दिसते. झाडीत एक जण त्याच्याकडे निरोधचा आग्रह धरतो आणि फ्रांकला तो आग्रह नकोसा वाटतो, असा एक छोटा प्रसंग सिनेमात आहे. एड्सच्या काळातून गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या एका प्रसंगात पुढचं सगळं दिसतं. जो माणूस सुखासाठी एवढा धोका पत्करतो, तो आणखी किती पत्करेल?

आमच्या कार्यकर्त्याला बोचलं ते हेच. फ्रांकसाठी सबब सांगता येत नाही. घरच्यांनी हाकलून दिलं नाही, कायद्यानं छळलं नाही, गावानं दगड मारले नाहीत. गिरोदीनं घर, कायदा आणि गाव या तिन्ही गोष्टी सिनेमातून मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. उरतो तो माणूस आणि त्याची इच्छा. समाजावर दोष टाकायला जागाच नाही.

त्या मुलाच्या आक्षेपामागे मोठा इतिहास आहे आणि तो मला मान्य आहे. हॉलिवूडमध्ये कित्येक वर्षं निर्मिती संहितेमुळे समलिंगी माणूस पडद्यावर उघडपणे दाखवताच येत नव्हता. मग तो यायचा खुनी होऊन. हिचकॉकचा १९४८चा ‘रोप’ घ्या. १९२४ साली शिकागोत दोन श्रीमंत तरुणांनी एका चौदा वर्षांच्या मुलाचा खून केला होता, त्या प्रकरणाची छाया असलेल्या नाटकावरून तो काढला. सिनेमातले दोघं एका घरात राहतात, त्यांच्यात काय आहे ते बोललं जात नाही, खून मात्र अगदी पहिल्याच दृश्यात होतो. १९५१च्या ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’मधला ब्रुनो, गोड बोलणारा, झुळझुळीत कपड्यांचा, गळा आवळणारा. प्रेक्षकांनी दोन आणि दोन चार करून घ्यायचे: हा असा आहे, म्हणून खुनी आहे. आणि १९८०चा विल्यम फ्रिडकिनचा ‘क्रूझिंग’, ज्यात अल पचिनो न्यूयॉर्कच्या चामडी जाकिटवाल्या बारमध्ये वेश बदलून खुन्याचा माग काढतो. १९७९च्या उन्हाळ्यात त्याचं चित्रीकरण चालू असताना शहरातले समलिंगी रस्त्यावर उतरले होते. शिट्ट्या वाजवून ध्वनिमुद्रण बिघडवलं, छपरांवरून आरसे धरून प्रकाशयोजना उधळली. रस्त्यात मार खाणं हा त्यांचा रोजचा अनुभव होता. हा सिनेमा बघून लोक आणखी मारायला उठतील अशी त्यांना भीती होती. मी तिथे असतो तर मीही शिट्टी वाजवली असती.

‘क्रूझिंग’ आणि ‘स्ट्रेंजर बाय द लेक’ यांत फरक कसला? पहिल्यात आपण पोलिसाबरोबर त्या जगात उतरतो. सगळं काळोखं, घामट, परकं. आपल्याला बाहेरून आत नेऊन घाबरवलं जातं. तळ्यावर आपण पहिल्या क्षणापासून आत आहोत आणि तिथे लख्ख ऊन आहे. पुरुषांचे देह उन्हात निवांत पडलेले. वाईट काही चाललंय अशी सूचनासुद्धा कॅमेरा देत नाही. पोलीसच बाहेरचा, हात मागे बांधून अवघडल्यासारखा हिंडणारा. मिशेल खुनी आहे तो समलिंगी आहे म्हणून नव्हे. आजूबाजूला तितकेच समलिंगी असलेले डझनभर पुरुष पोहतायत, गप्पा मारतायत, नुसतेच बघत उभे राहतायत. ज्या सिनेमात समलिंगी माणूस एकच आणि तोच खुनी, त्या सिनेमानं आपल्यावर आरोप ठेवलेला असतो. इथे खुनी आपल्यातला, मेलेला आपल्यातला, साक्षीदारही आपल्यातलाच. त्यामुळे बघणाऱ्याला माणसामाणसांत फरक करावाच लागतो. हा फरक त्या काळच्या सिनेमांनी कधी करू दिला नाही.

सिनेमा आला ती वेळही बघण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये समलिंगी विवाहाचा कायदा १८ मे २०१३ रोजी लागू झाला, कान महोत्सव ऐन भरात असताना. त्याआधी कित्येक महिने विरोधकांचे प्रचंड मोर्चे निघत होते. कायद्याच्या बाजूनं बोलणारे साहजिकच एकच चित्र पुढे करत होते: दोन सज्जन पुरुष, छान घर, नगरपालिकेत सही, हातात फुलं. त्याच सुमारास गिरोदीनं हे तळं समोर ठेवलं. जूनमध्ये सिनेमा लागला तेव्हा पोस्टरवर दोन पुरुषांचं चुंबन होतं, तेही रंगवलेलं, छायाचित्र नव्हे. पॅरिसलगतच्या व्हर्साय आणि सँ-क्लू या गावांत तक्रारी आल्या आणि तिथली पोस्टर उतरवली गेली. लग्नाचा हक्क मिळून महिनाही झाला नव्हता.

त्याच वर्षी ११ डिसेंबरला आपल्या सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा जिवंत केलं. दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ साली दिलेला दिलासा गेला आणि आम्ही रातोरात पुन्हा गुन्हेगार झालो. ६ सप्टेंबर २०१८ रोजी ते बंधन सुटेपर्यंतच्या जवळजवळ पाच वर्षांत आम्ही सगळ्यांनी एकच धडा गिरवला: चांगलं दिसायचं. वर्तमानपत्रात लेख आला तर त्यात डॉक्टर, इंजिनीअर, आईची सेवा करणारा मुलगा हवा. मुलाखतीत देहाबद्दल बोलायचं नाही, प्रेमाबद्दल बोलायचं. मीही हेच केलं आणि त्या वेळी ते गरजेचं होतं असं आजही मानतो. न्यायालयात उभं राहताना माणूस स्वच्छ शर्ट घालतो. खटला संपल्यावर मात्र तो शर्ट कायम अंगावर ठेवण्याची सक्ती मला पटत नाही.

मराठीत या विषयावर सुंदर काम झालं आहे, ते मी मनापासून डोक्यावर घेतो. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ साली आली. एकाच घरातले भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात आणि तो दोघांनाही टाकून निघून जातो. जखम करणारा पुरुष तिच्यात आहे, म्हणून मला ती कायम धीट वाटली. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’नं २०२५ साली सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळवलं. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी गेलेला मुलगा आणि त्याचा बालपणीचा मित्र. त्यातली आई, ते रान, ते दोघं बघून मी थिएटरात रडलो. हा सिनेमा मी विशीत पाहिला असता तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं. असे आणखी दहा सिनेमे निघावेत. पण नंतर चहा पिताना एक सुशिक्षित बाई मला म्हणाल्या, ‘किती निर्मळ दाखवलंय हो, अशा मुलांना कोण नाही म्हणेल?’ त्या मनापासूनच बोलल्या होत्या. मला मात्र ज्यांना नाही म्हटलं जाईल ती मुलं दिसू लागली. जी निर्मळ नाहीत. रात्री दीडला फोन उघडून कुणाला तरी ‘कुठे आहेस’ विचारणारी, नको त्या माणसाच्या मागे धावणारी, लग्न झालेली आणि तरीही येणारी. त्यांचं काय?

त्यांच्यासाठी मला ‘स्ट्रेंजर बाय द लेक’ हवा आहे. बायकांच्या मागे वेडापिसा होऊन सर्वस्वाचा नाश करून घेणारे पुरुष आपण शंभर वर्षं पडद्यावर बघतोय. त्यावरून बाई आणि पुरुषातल्या प्रेमाची बदनामी झाली असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. नवऱ्याचा काटा काढणाऱ्या प्रेमिकांच्या बातम्या रोज छापून येतात, म्हणून कुणी लग्नाचे हॉल बंद करत नाही. मूर्खपणा करण्याचा, वाईट माणसावर जीव टाकण्याचा, कळत असून आगीत उडी मारण्याचा हक्क बाकीच्यांना न मागता मिळालेला आहे. आम्हाला माणूस म्हणून घ्यायचं असेल तर हेही घ्यावं लागेल.

सिनेमातला इन्स्पेक्टर एक प्रश्न विचारतो आणि मला तो फार लागला. बुडालेल्या तरुणाची गाडी वर मैदानात तशीच उभी होती. त्याचा टॉवेल किनाऱ्यावर पडून होता. सगळे रोज येत होते, त्या टॉवेलशेजारून चालत पाण्यात उतरत होते आणि हा माणूस कुठे गेला हे कुणीच विचारलं नाही. दोन दिवसांत सगळं पूर्ववत. तुम्ही एकमेकांवर प्रेम करता म्हणता ते हे असं, या अर्थाचं काहीतरी तो बोलतो. बाहेरचा माणूस आहे, त्याच्या बोलण्यात तिरस्कार असेल अशी आपली तयारी असते. पण त्याला खरोखर कळत नाहीये.

मला कळतं, कारण असा टॉवेल मी पाहिला आहे. ऐंशीच्या दशकात मुंबईत समुद्राकाठच्या एका कठड्यावर आम्ही संध्याकाळी जमायचो. खरी नावं कुणी सांगत नसे. एक होता ‘डोंबिवली’, एक ‘एअर इंडिया’, आणि एक पन्नाशीचे गृहस्थ, त्यांना सगळे ‘मास्तर’ म्हणत. बारा महिने हातात काळी छत्री, खांद्याला खाकी पिशवी, तिच्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले शेंगदाणे, आणि कुणी नवा घाबरलेला मुलगा आला की त्याला ते आधी शेंगदाणे द्यायचे. मलाही दिले होते. कुठला पोलीस पैसे घेऊन सोडतो, कुठला नाव विचारतो, साध्या कपड्यातला ओळखायचा कसा, हे मी त्यांच्याकडून शिकलो. एके पावसाळ्यात ते यायचे थांबले. आजारी असतील म्हणालो, बदली झाली असेल म्हणालो. त्यांची शाळा माहीत नव्हती, घर माहीत नव्हतं, खरं नाव माहीत नव्हतं. ते मास्तर होते की नव्हते हेसुद्धा माहीत नव्हतं. विचारायचं कुणाला? आणि काय म्हणून? नाव न सांगण्यानंच आम्ही तिथे सुरक्षित होतो. पण त्या सुरक्षिततेत कुणी नाहीसं झालं तर शोधायची सोयच नव्हती. आमच्यात माया होती, पण तिच्याकडे पत्ता नव्हता.

म्हणून तळ्याकाठची माणसं मला निर्दय वाटत नाहीत. पण मोकळीही सोडावीशी वाटत नाहीत. हे भांडण गिरोदीनं बाहेरच्या कुणाशी मांडलेलं नाही, घरातल्या घरात मांडलं आहे. आपल्या जागा आपण फार प्रेमानं आठवतो, तिथलं स्वातंत्र्य आठवतो, आणि तिथे कोण कोण गळालं त्याची मोजदाद करत नाही. आन्री ती करतो. खुनी कोण हे त्याच्या लक्षात येतं आणि तो मिशेलला तोंडावर तसं सांगतो. मग उठून झाडीत जातो, मागून मिशेल येणार हे ठाऊक असून. फ्रांकला सावध करण्याचा दुसरा मार्ग त्याला सापडत नाही, आणि जगण्याचीही फार इच्छा उरलेली नाही. ज्याला या पुरुषांकडून देहाचं काही नको होतं, त्यालाच त्यांच्यातल्या एकाची खरी काळजी वाटली. पात्रिक दासुम्साओ या नटानं आन्री असा केला आहे की त्याच्या बसण्यातूनच एकटेपणा कळतो. माझ्या दृष्टीनं हा सिनेमा आन्रीचा आहे.

आता कठडे ओस पडले आहेत, सगळं फोनवर आलं आहे. धोकाही फोनवर आला. हेल्पलाइनवर येणाऱ्या अशा फोनांचा साचा मला पाठ झाला आहे. ॲपवर ओळख, गोड बोलणं, एखादं देखणं छायाचित्र, भेटायची जागा शहराबाहेरची खोली. मुलगा पोहोचतो तर आत एक नव्हे, तिघं-चौघं. मारहाण, कपडे काढून व्हिडिओ, मग ‘घरी पाठवू का, ऑफिसात पाठवू का’. फोनवरूनच पैसे वळते करून घेतात, एकदा नव्हे, पुढचे कित्येक आठवडे. मी विचारतो, पोलिसांकडे गेलास का? उत्तर जवळपास ठरलेलं: ‘सर, तिथे काय सांगू? मी तिथे कशाला गेलो होतो म्हणून विचारतील.’

इथे तो चांगलं असण्याच्या अटीचा हिशेब येतो. खंडणीचा, जबरी चोरीचा गुन्हा नोंदवायला कायदा आहे. संमतीनं भेटणं हा २०१८ पासून गुन्हा नाही, हेही मी समजावतो. पण त्या मुलाला कायद्याची भीती कमी आणि स्वतःची जास्त असते. चांगला मुलगा असा अनोळखी माणसाच्या खोलीवर जात नाही, हे त्यानं आईकडून ऐकलं आहे आणि आमच्यासारख्या संस्थांच्या पोस्टरवरूनही तेच वाचलं आहे. आपण लोकांसमोर इतके स्वच्छ होऊन उभे राहिलो, की ज्याच्या अंगावर चिखल उडाला त्याला आपल्याकडे यायलाही लाज वाटते. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. फ्रांकसारखा कुणी पडद्यावर बघून एखादा मुलगा निदान एवढं म्हणेल, की हे माझ्या एकट्याचं नाही, मी काही राक्षस नाही.

त्या खोलीत जबरदस्ती झाली असेल तर अडचण आणखी मोठी. बलात्काराची आपल्या कायद्यातली व्याख्या फक्त स्त्री पीडित असेल तेव्हाच लागू होते. २०१८च्या निकालानंतरही संमतीविना झालेल्या कृत्यांसाठी कलम ३७७ शिल्लक होतं. सज्ञान पुरुषावर अत्याचार झाला तर त्याचाच आधार होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात ते कलम पूर्णच वगळलं गेलं. त्या जागी दुसरं काही आलं नाही. आज सज्ञान पुरुषावर पुरुषानं बलात्कार केला तर मारहाण, दुखापत, डांबून ठेवणं अशी कलमं लावावी लागतात. जे घडलं त्याचं कलम नाही. ही दुरुस्ती मागणारा आवाज मोठा का होत नाही? माझ्या मते, कारण त्यासाठी आधी उघड बोलावं लागेल की पुरुषांमधल्या ओढीतही हिंसा असते, आपल्यातलाही कुणी मिशेल असतो. ते बोलायला आपण कचरतो. बदनामी नको म्हणून.

सिनेमाच्या शेवटी फ्रांक झाडीत लपलाय, मिशेल हाका मारत फिरतोय. मिशेल निघून गेल्यासारखा वाटतो, आणि अंधारात आता फ्रांकच त्याला हाका मारू लागतो. काही प्रेक्षक चिडतात, एवढं होऊनही याला शहाणपण येत नाही म्हणून. हेल्पलाइनवर बसणाऱ्याला यात नवल नाही. ज्यानं लुटलं त्याच्याच प्रोफाइलवर पुन्हा जाऊन ‘तू असं का केलंस’ असा मेसेज टाकणारी मुलं मला माहीत आहेत. अशा मुलाला उपदेश केला की तो फोन ठेवतो. आधी ती ओढ खरी होती हे मान्य केलं तरच पुढे बोलतो.

गेल्या वर्षी असाच एक मुलगा बोलता झाला. नाव-गाव सांगत नाही. एका औद्योगिक वसाहतीत कामाला, बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं. त्यानं धीर करून फिर्याद दिली होती, पण त्यात लिहिलं होतं की मित्राच्या ओळखीच्या माणसाकडे जुनी मोटारसायकल बघायला गेलो होतो. तपास पुढे सरकेना, कारण मित्रही नव्हता आणि मोटारसायकलही नव्हती. तो तिसऱ्यांदा फोनवर आला तेव्हा मी त्याला कुणाचा शेर ऐकवला नाही की अभिमान बाळग म्हणालो नाही. तो माणूस तुला आवडला होता ना, एवढं विचारलं. बराच वेळ गेला. मग म्हणाला, ‘हो सर, खूप.’ त्या आठवड्यात तो एका वकील बाईंना घेऊन पुन्हा ठाण्यात गेला आणि पुरवणी जबाब दिला. ॲपचं नाव, पहिल्या मेसेजची तारीख, आपण स्वतःहून आणि आपल्या मर्जीनं त्या खोलीवर गेलो होतो हे सगळं त्यात आहे. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारानं मान वर न करता सगळं उतरवलं आणि शेवटी वाचून दाखवलं, असं त्यानं मला सांगितलं. दोघांना अटक झाली आहे, तिसरा अजून सापडलेला नाही.